बावीस भोंगे

गांधी मैदानात सभा होती. बावीस भोंगे मी लावले.
आठ मैदानावर, सहा वरुणतीर्थ वेशीकडं,
बाकीचे पेठेच्या गल्ल्यांत, खांबाखांबाला,
माणूस घरात जेवताजेवता ऐकतो तिथं.
मुजावर साऊंड सर्व्हिस, अब्बांपासूनचा धंदा.
आमच्याकडं पक्ष नसतो, वायर असते.

साहेब आधी रस्त्यांवर बोलले,
मग पंचगंगेच्या पाण्यावर.
मीटरचा काटा पडून राहिला
रंकाळ्यातल्या दुपारच्या म्हशीगत.
पुढच्या रांगेत कोणतरी शेंगा फोडत होतं,
ते मला माईकमधनं ऐकू येत होतं.
साहेबांनाही आलं असणार.
वक्त्याला टाळीच्या आधी शेंगा ऐकू येतात.

ते थांबले. पाणी प्याले.
समुद्रापलीकडच्या त्या देशाचं नाव घेतलं
आणि म्हणाले,
"त्यांच्या राजदूताला दाखवायला
द्या रे कुणीतरी आपलं पायताण!"

दौलत शिंगे पहिल्याच रांगेत, सुभाषनगरचा.
स्वतःच्या हातची कापशी
पायातनं काढून त्यानं वर दिली.
साहेबांनी ती उंच धरली.
काटा लालात गेला.
आणि हे मला सांगितलंच पाहिजे:
माझं बोट इकोच्या बटणावर होतं.
कुणी सांगितलं नव्हतं.
पायताण
  ताण
    ताण
शेवटचा ताण वेशीवरनं परत आला
तोवर सगळं मैदान उभं होतं.

स्टेजमागं मी विचारलं, "साहेब, हे तिकडं पोचलं तर?"
रागावले नाहीत. दमले होते, कॉलर भिजलेली.
"मुजावर, भोंगे किती लावलेस?"
"बावीस."
"एकाचं तरी तोंड समुद्राकडं हाय?"
"नाही."
"मग?"
गाडीत बसताबसता काच खाली केली:
"पाण्यावर चाळीस मिन्टं बोललो.
त्यातली एक टाळी काढून दे बघू मला."

तेविसावा भोंगा कुणाच्या तरी खिशात होता.
रात्रीत तो घाट उतरला, समुद्र ओलांडून गेला.
तिकडच्या कचेरीत कुणीतरी शब्दकोश उघडला असेल.
पायताण सापडलं नसेल.
चामडं, पाय, अपमान, एवढं सापडलं असेल.
दिल्लीहून दोन ओळी आल्या,
ही सरकारची भूमिका नव्हे वगैरे,
धुतलेल्या, इस्त्री केलेल्या.
असल्या ओळींना कुणी भोंगा लावत नाही.

चौथ्या आठवड्यात दौलतला निरोप आला.
चारशे जोड होते, त्याच देशात जायचे.
बाभळीच्या सालीत कमावलेलं चामडं,
वेण्या बायकोनं रात्री जागून घातलेल्या,
खोक्यांवर पत्तेसुद्धा चिकटवून झालेले.
"सध्या नको." एवढंच.

तो साहेबांवर चिडला नाही.
"बोलले ते बरोबरच की," म्हणाला,
आणि खोक्यावरचा पत्ता नखानं खरवडत राहिला.
मला वाटतं, साहेबांना हे आधीपासून ठाऊक असतं.
नुकसान एकेकाच्या घरी येतं, दार लावून बसतं.
टाळी सगळ्यांची मिळून असते.

त्या रात्री वायरी गुंडाळताना
त्याचं ते एक पायताण स्टेजखाली सापडलं होतं.
गाडीत पडून होतं माझ्या, महिनाभर.
परत दिलं तसं त्यानं झटकून पायात घातलं,
दोन पावलं चालून बघितलं.
करकर, करकर.
तळात बी घालतात त्याचा आवाज,
कोण येतंय ते लांबनं कळावं म्हणून.
आणि कानही असतात त्याला,
दोन बाजूंना दोन, चामड्याचे.

येत्या शनिवारी बिंदू चौक.
अठ्ठावीस भोंगे सांगितलेत,
इको जरा जास्त.
ॲडव्हान्स मी घेतलाय.